रात्री हायवेवर गाडी बंद पडली तर मागून येणाऱ्यांना कसं कळवायचं?

तुमचा प्रश्न असा आहे की रात्री हायवेवर गाडी बंद पडली, चारही इंडिकेटर लावले आणि बोनेट उघडून ठेवलं, तर मागच्यांना तेवढं पुरतं का? आणि डिकीतला तो लाल त्रिकोण खरंच लागतो का? पहिल्याचं उत्तर नाही, दुसऱ्याचं हो. शिरवळच्या बाजूला आमचं गॅरेज आहे आणि पुणे-सातारा रस्त्यावर बंद पडलेल्या गाड्या आणायला रात्री-अपरात्री जावं लागतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी बोनेट. उघडलेलं बोनेट दिसतं समोरून येणाऱ्याला, आणि तुम्हाला धोका असतो तो मागून. अंधारात तर मागच्या ड्रायव्हरला ते दिसतच नाही. डिकी उघडी ठेवणं त्याहून वाईट. बऱ्याच गाड्यांमध्ये मागच्या दिव्यांचा काही भाग डिकीच्या झाकणावरच असतो. झाकण वर केलं की ते दिवे आभाळाकडे बघतात. शिवाय मग माणसं डिकीपाशी उभी राहून सामान उपसत बसतात. स्वतःची गाडी आणि मागून येणारी गाडी यांच्या मधोमध उभं राहण्यासारखी धोक्याची जागा रस्त्यावर दुसरी नाही. डिकी एकदाच उघडा, त्रिकोण आणि हातातली बॅटरी (टॉर्च) काढा, लगेच बंद करा.

चार इंडिकेटर, म्हणजे आपण ज्याला पार्किंग लाइट म्हणतो ते, लावायचेच. गाडी दगा देतेय असं वाटलं त्या क्षणी, अजून चालती असतानाच लावा आणि जमेल तेवढी डावीकडे साइडपट्टीवर घ्या. पण त्यावर विसंबू नका, कारण आपल्याकडे या दिव्यांचा अर्थच पातळ झालाय. पावसात घाट चढताना लोक ते लावून चालवतात, बोगद्यात लावतात, चौकात सरळ जायचं असलं तरी लावतात, वरातीच्या गाड्या तर गावापासून गावापर्यंत लावून जातात. त्यामुळे रात्री पुढे लुकलुकणारे दिवे दिसले की मागच्याचा पहिला समज हा की कुणीतरी हळू चाललंय. गाडी जागची हललेलीच नाही हे त्याच्या लक्षात येईपर्यंत तो फार जवळ आलेला असतो. आणि गाडी अल्टरनेटर (म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा भाग) किंवा बॅटरीमुळेच बंद पडली असेल तर हे दिवेही थोड्या वेळात मंदावतात.

आता अंतराचं बघा. ताशी ८० किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर पुढे जाते, १०० ने येणारी जवळपास २८. ८० च्या वेगात ड्रायव्हरला कळून, पाय ब्रेकवर जाऊन, कोरड्या रस्त्यावर गाडी थांबेपर्यंत चांगल्या कारलाही ७० मीटरच्या आसपास लागतात. रस्ता ओला असेल तर आणखी, आणि भरलेल्या कंटेनरला तर कितीतरी जास्त. म्हणजे खूण गाडीवर असून भागत नाही, ती गाडीच्या बरीच मागे हवी. त्रिकोणाचं काम तेवढंच आहे, पण ते दुसरं कुणी करत नाही. तो चालत्या गाडीवर कधीच नसतो, त्यामुळे तो दिसला की अर्थ एकच होतो: पुढे काहीतरी थांबलेलं आहे.

पण त्रिकोणाच्याही आधी माणसं. सगळ्यांनी डावीकडच्या दारांनी उतरायचं, लहान मुलं आणि म्हातारी माणसं आधी. क्रॅश बॅरियर, म्हणजे रस्त्याच्या कडेचा कठडा, असेल तर तो ओलांडून पलीकडे जायचं, आणि गाडीच्या पुढे न थांबता थोडं मागच्या बाजूला, बॅरियरच्या आड थांबायचं, म्हणजे कुणी आदळलंच तर गाडी ढकलली जाऊन तुमच्या अंगावर येणार नाही. पाऊस असो की थंडी, गाडीत बसून राहू नका. लोकांना गाडीत सुरक्षित वाटतं, आणि मला सगळ्यात जास्त काळजी याच गोष्टीची वाटते. क्रेन घेऊन पोचलो की कितीदा मागच्या सीटवर झोपलेली मुलं दिसतात.

मग त्रिकोण. तो बहुतेक गाड्यांत डिकीच्या मॅटखाली, स्टेपनी आणि जॅकच्या आसपास, लांबट खोक्यात घडी घालून ठेवलेला असतो. आज उजेडात एकदा काढून उभा करून बघा, कारण त्याचे पाय कसे उघडतात हे अंधारात, ट्रकांच्या वाऱ्यात शोधत बसणं कठीण जातं. ठेवायला जाताना उघडलेला त्रिकोण हातात समोर धरून, येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून, रस्त्याच्या अगदी बाहेरून चालायचं. गावातल्या रस्त्यावर ३० मीटर पुरतात. चौपदरी हायवेवर निदान १०० मीटर मागे जा, म्हणजे साधारण १३०-१४० पावलं. तिथे तुमची गाडी ज्या पट्ट्यात उभी आहे त्याच पट्ट्यात, मागून येणाऱ्याला दिसेल असा ठेवा. हवेने पडत असेल तर पायांवर छोटं वजन ठेवा.

वळण किंवा चढाव असेल तर मीटर मोजू नका. त्रिकोण वळणाच्या अलीकडे किंवा चढाच्या माथ्याआधी आला पाहिजे. साताऱ्याकडून पुण्याला येताना खंबाटकीचा बोगदा संपल्यावर इंग्रजी एस आकाराचं वळण आणि उतार लागतो. अशा ठिकाणी वळणानंतर ५० मीटरवर ठेवलेली खूण निरुपयोगी, कारण ती दिसेपर्यंत गाडीही दिसलेली असते. आंबा किंवा वरंधा घाटासारख्या दुहेरी वाहतुकीच्या अरुंद रस्त्यावर समोरच्या बाजूलाही खूण लागते. तुम्हाला ओलांडून जाणारी गाडी उजव्या बाजूला येते, आणि वरून उतरणाऱ्याला ते ठाऊक नसतं. त्रिकोण एकच असेल तर तो मागे ठेवा आणि पुढच्या बाजूला कुणालातरी रस्त्याबाहेर उभं करून टॉर्च हलवायला सांगा.

एक्स्प्रेसवेची गोष्ट मात्र वेगळी. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर किंवा समृद्धीवर बॅरियरच्या बाहेरून चालायला जागा असेल तरच त्रिकोण ठेवायला जा. नसेल तर जाऊ नका, फोन करा. ब्रिटनच्या वाहतूक नियमावलीत साध्या रस्त्यावर त्रिकोण किमान ४५ मीटर मागे ठेवायला सांगितलंय, पण मोटरवेवर तो अजिबात ठेवू नका असंही म्हटलंय. स्पेनने तर १ जानेवारी २०२६ पासून त्रिकोणाऐवजी गाडीच्या छपरावर चिकटवायचा लुकलुकणारा दिवा बंधनकारक केला, कारण त्रिकोण ठेवायला चालत गेलेली माणसंच गाड्यांखाली सापडत होती. तसा मॅग्नेटवाला एलईडी दिवा आता आपल्याकडेही मिळतो. तो घ्यायला हरकत नाही, जोडीला ठेवा. गाडीतून न उतरता, खिडकीतून हात काढून छपरावर लावता येतो हा त्याचा खरा फायदा.

त्रिकोण नसेल तर आपल्याकडे काय करतात ते तुम्ही पाहिलंच असेल: झाडाच्या फांद्या तोडून मागे ठेवतात आणि दगड मांडतात. फांद्या ठीक आहेत. पाला लांबून वेगळा दिसतो आणि कुणी वरून गेलं तरी फार काही होत नाही. दगड मात्र कृपा करून ठेवू नका. डांबरावरचा काळा दगड रात्री दिसत नाही, आणि गाडी दुरुस्त झाली की ट्रकवाले निघून जातात, दगड तिथेच राहतात. मग पहाटे दूध घालायला किंवा कंपनीच्या पहिल्या शिफ्टला निघालेला मोटारसायकलवाला त्यावर पडतो. याचा मला मनापासून राग येतो. गाडी घरंगळू नये म्हणून चाकाला दगड लावला असेल तर तोही निघताना उचलून झुडपात टाका.

उसाच्या हंगामात आमच्या भागात, तसंच सांगली-कोल्हापूरकडेही, ट्रॉल्या पंक्चर होऊन रस्त्यातच उभ्या राहतात आणि त्यांना मागे एकही दिवा नसतो. ट्रॅक्टरवाले वाचत असतील तर त्यांना एकच सांगणं आहे: ट्रॉलीच्या मागे रेडियमची लाल पट्टी चिकटवा आणि ऊस तिच्यावर लोंबू देऊ नका. तिला बॅटरी लागत नाही, आणि मागच्या गाडीच्या हेडलाइटने ती आपोआप पेटते.

फोनचं सांगायचं तर राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा मदत क्रमांक आहे, आणि ११२ कुठेही लागतो. फोन लागला की पहिल्या वाक्यात किलोमीटरचा आकडा आणि दिशा सांगा. राष्ट्रीय महामार्गावर कडेला किलोमीटरचे दगड आणि मध्ये दर २०० मीटरला छोटे दगड असतात, त्यावरचा आकडा वाचून सांगा. ‘ढाब्याच्या थोडं पुढे’ असं ऐकून आम्ही कितीदा उलट्या बाजूच्या रस्त्यावर गेलोय, आणि दुभाजकामुळे तिथून परत फिरायला कित्येक किलोमीटर जावं लागतं. तेवढा वेळ तुम्ही अंधारात.

गाडी दुरुस्त झाली किंवा क्रेनवर चढली की त्रिकोण सगळ्यात शेवटी उचला, तोही तसाच रस्त्याबाहेरून चालत जाऊन. गाडी चालू करून आधी साइडपट्टीवरच वेग घ्या, आरशात मोकळी जागा दिसली की चार इंडिकेटर बंद करून फक्त उजवा लावा आणि मग मुख्य रस्त्यावर या.