क्रेडेन्शियल एका विषयाचं, वर्ग दुसऱ्याच विषयाचा
वाचकांचे प्रश्न: कॅलिफोर्नियातल्या सरकारी शाळांमध्ये शिकवणाऱ्यांसाठी

प्रश्न: माझ्याकडे इंग्रजीचं सिंगल सब्जेक्ट क्रेडेन्शियल (एकच विषय शिकवण्याचा राज्याचा परवाना) आहे. येत्या ऑगस्टपासून नववीच्या अल्जेब्राचे दोन तास घ्यायला सांगितलं आहे. ‘परमिट डिस्ट्रिक्ट काढेल, तुम्ही फक्त सही करा’ असं मुख्याध्यापक म्हणतात. सही करू का? माझी पदवी पुण्याची, बी.एस्सी. भौतिकशास्त्राची आहे.

सहीची घाई करू नका. मुख्याध्यापक ज्याबद्दल बोलताहेत ते बहुधा जनरल एज्युकेशन लिमिटेड असाइनमेंट परमिट असावं. शिक्षकांच्या बोलण्यात त्याला ‘जीलॅप’ म्हणतात. शिक्षकांचे परवाने देणारं राज्याचं कमिशन ऑन टीचर क्रेडेन्शियलिंग ते देतं. मात्र शिक्षकाला ते स्वतः जाऊन काढता येत नाही, अर्ज डिस्ट्रिक्टनेच (सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक यंत्रणेने) करावा लागतो. मुदत एका वर्षाची असते आणि ते त्या डिस्ट्रिक्टपुरतंच चालतं.

परमिटसाठी चार गोष्टी लागतात. तुमचं मूळ क्रेडेन्शियल पदवी आणि स्टुडंट टीचिंगसह पूर्ण झालेल्या प्रशिक्षणावर आधारलेलं आणि मुदतीतलं असावं. डिस्ट्रिक्टचं त्या वर्षाचं ‘डिक्लरेशन ऑफ नीड’ (अशा परमिटांची गरज आहे हे सांगणारा कागद) कमिशनकडे पोचलेलं असावं. तुमची लेखी संमती असावी. आणि तुम्हाला अजून परमनंट दर्जा मिळालेला नसेल, तर त्या विषयातला निदान तीन वर्षं पूर्णवेळ शिकवलेला अनुभवी शिक्षक मार्गदर्शक म्हणून नेमलेला असावा. पहिल्या वर्षी गणिताचं एकही युनिट (कॉलेजचा कोर्स मोजायचं माप) दाखवावं लागत नाही. परमिटची सोय ती हीच आणि खोचही तिथेच आहे, कारण दुसऱ्या वर्षापासून, दर नूतनीकरणाला सहा, असा युनिटांचा हिशेब सुरू होतो.

‘डिक्लरेशन ऑफ नीड’ हा कागद दरवर्षी नव्याने डिस्ट्रिक्टच्या बोर्डाच्या नियमित, जाहीर सभेत मंजूर व्हावा लागतो. एकगठ्ठा मंजुरीच्या ‘कन्सेंट’ यादीत घुसवून तो चालत नाही. कोणत्या प्रकारची किती परमिटं लागतील याचा अंदाज त्यात दिलेला असतो. प्रत्यक्ष अर्ज त्या अंदाजाच्या दहा टक्क्यांहून पुढे गेले, तर कागद सुधारून परत मंजूर करून घ्यावा लागतो. ऑगस्टमध्ये अर्ज अडकतो तेव्हा हा कागद एकदा पाहून घ्यावा.

तरी तुमच्या बाबतीत परमिटच्या आधी दुसरी वाट तपासून पाहावी असं आम्हाला वाटतं. एज्युकेशन कोडचं कलम 44263 असं सांगतं, की शिकवायच्या विषयातली 18 सेमिस्टर युनिटं, किंवा वरच्या वर्षांची अथवा पदव्युत्तर अशी 9 युनिटं असतील, तर शिक्षकाच्या संमतीने आणि बोर्डाच्या ठरावाने तो विषय शिकवता येतो. त्यात कमिशनचं परमिट नाही, फी नाही, दरवर्षी नवी सहा युनिटंही नाहीत. मात्र फक्त गणिताचे पेपर मोजले जातात. भौतिकशास्त्रातलं मेकॅनिक्स कितीही गणिती असलं तरी ते गणितात धरलं जाईल असं गृहीत धरू नका. बी.एस्सी.ला पहिल्या-दुसऱ्या वर्षी गणित जोडविषय असेल, तर कॅल्क्युलस, अल्जेब्रा, डिफरन्शियल इक्वेशन्स असे पेपर हाताशी असतीलच. नेमकी किती युनिटं भरतात, त्यावर सगळं अवलंबून आहे.

म्हणून एचआरला एकच प्रश्न लेखी विचारा: ‘ही नेमणूक कोणत्या परमिटखाली किंवा कोणत्या कलमाखाली आहे?’ उत्तर येईपर्यंत संमतीपत्र स्वतःजवळ ठेवा.

प्रश्न: भारतातली गुणपत्रिका युनिटांसाठी चालते का? मी एका संस्थेकडून मूल्यमापन करून घेतलं होतं, पण डिस्ट्रिक्टने ते परत पाठवलं.

चालते, पण तशीच नाही. परदेशी पदवीचं मूल्यमापन कमिशनने मान्य केलेल्या संस्थेकडूनच व्हावं लागतं. एच-१बी किंवा ग्रीन कार्डसाठी केलेलं मूल्यमापन बऱ्याचदा अशा यादीत नसलेल्या संस्थेचं असतं, किंवा ‘ही पदवी अमेरिकी बॅचलरच्या समकक्ष’ एवढ्या एका ओळीत संपतं. इथे त्याचा उपयोग नाही. पेपरवार अहवाल मागवा. प्रत्येक पेपरपुढे सेमिस्टर युनिटं, ग्रेड आणि तो पेपर खालच्या वर्षांचा की वरच्या वर्षांचा, हे तिन्ही असायला हवं. वरच्या वर्षांची नोंद नसेल, तर 9 युनिटांची सोपी अट हातची जाते आणि 18 भरावी लागतात.

काही विद्यापीठांच्या जुन्या गुणपत्रिकांवर ‘मॅथेमॅटिक्स पेपर एक, पेपर दोन’ एवढंच असतं. त्यावरून पेपर कशाचा ते कळत नाही. विद्यापीठाकडून त्या वर्षाचा अभ्यासक्रम मागवून सोबत जोडा. याला वेळ लागतो, म्हणून ही तयारी नेमणुकीची वाट न बघता सुरू करावी. मूळ गुणपत्रिका इंग्रजीत नसेल तर भाषांतरही जोडावं लागतं.

क्वार्टर पद्धतीच्या कॉलेजात काही कोर्स केले असतील, तर 3 क्वार्टर युनिटं म्हणजे 2 सेमिस्टर युनिटं. म्हणजे 18 सेमिस्टर युनिटांना 27 क्वार्टर युनिटं लागतात. हा हिशेब विसरून अर्ज करणारे कमी नाहीत.

प्रश्न: मिडल स्कूललाही हेच 18 युनिटांचं गणित आहे का?

नाही, तिथे थोडी सवलत आहे. सिंगल सब्जेक्ट असलेल्यांना कलम 44258.2 खाली मिडल स्कूलमध्ये पाचवी ते आठवीपर्यंत दुसरा विषय शिकवता येतो. मल्टिपल सब्जेक्ट (एकाच वर्गाला सगळे विषय शिकवण्याचं क्रेडेन्शियल) असलेल्यांना 44256 (ब) खाली नववीच्या खालच्या विषयवार वर्गांना शिकवता येतं. दोन्हीकडे 12 युनिटं, किंवा वरच्या वर्षांची 6 युनिटं पुरतात. शिक्षकाची संमती आणि बोर्डाचा ठराव मात्र इथेही लागतो.

प्रश्न: जीलॅपचं पहिलं वर्ष मे महिन्यात संपेल. नूतनीकरणाला सहा युनिटं लागतात असं आता कळलं. माझी तीनच झाली आहेत. उन्हाळ्यात उरलेली करून चालेल का?

चालेल, पण तारखा जपा. परमिटची मुदत कॅलेंडर वर्षाने मोजतात, शैक्षणिक वर्षाने नाही. म्हणून आधी परमिटवर छापलेली तारीख बघा. शाळा मेमध्ये संपते, तरी ऑगस्टमध्ये मिळालेलं परमिट बहुधा पुढच्या ऑगस्टच्या आसपास संपेल. उन्हाळी सत्राचे ग्रेड ट्रान्सस्क्रिप्टवर चढायला उशीर झाला आणि शाळा सुरू झाली, तर मधले दिवस तुम्ही परमिटविना वर्गात उभ्या असाल. कोर्स लवकर संपणाऱ्या उन्हाळी सत्रात घ्या आणि ग्रेड लागल्याबरोबर अधिकृत ट्रान्सस्क्रिप्ट डिस्ट्रिक्टला पाठवायला सांगा. नव्या परमिटचा अर्ज वाटेत असताना काऊंटी तात्पुरतं सर्टिफिकेट देऊ शकते. ते मागण्याचं काम डिस्ट्रिक्टचं.

कोणते कोर्स घेताय, हेही महत्त्वाचं. सहा सेमिस्टर युनिटं (क्वार्टरची 9) तुम्ही पुढे जे ऑथरायझेशन (तो विषय शिकवण्याचा अधिकार) मिळवणार आहात त्याच्या अटींत बसणारी हवीत. डिस्ट्रिक्टच्या कार्यशाळांचे तास यात मोजले जात नाहीत. मान्यताप्राप्त कम्युनिटी कॉलेजचे कोर्स चालतात, पण ते वरच्या वर्षांचे मानले जात नाहीत.

एका विषयात हे परमिट जास्तीत जास्त तीनदा मिळतं: पहिलं आणि दोन नूतनीकरणं. दोन वर्षांची सहा-सहा धरून 12 युनिटं होतात. सप्लिमेंटरी ऑथरायझेशनला (आहे त्या क्रेडेन्शियलला जोडलेला जादा विषयाचा अधिकार) सी किंवा त्याहून वरच्या ग्रेडची 20 युनिटं, किंवा वरच्या वर्षांची 10 लागतात. त्यामुळे वर्षाला किमान सहाच युनिटं करत राहिलात, तर तिसऱ्या वर्षाच्या शेवटीही काम अर्धवट राहील. पहिल्याच वर्षी ठरवा: सप्लिमेंटरी घ्यायचं, की सीसेट (राज्याची विषयज्ञानाची परीक्षा) देऊन पूर्ण सिंगल सब्जेक्ट जोडायचं. दुसऱ्या मार्गात विषयाची पात्रता आणि त्या विषयाच्या अध्यापनपद्धतीचा 3 युनिटांचा कोर्स, एवढंच असतं. ज्यांचं गणित पक्कं आहे त्यांना सीसेट स्वस्त आणि झटपट पडते. गणितात ‘फाउंडेशनल लेव्हल’ घेतलं, तर कॅल्क्युलसचा पेपर द्यावा लागत नाही, पण कॅल्क्युलस शिकवताही येत नाही. नववीच्या अल्जेब्राला ते पुरेसं आहे.

प्रश्न: माझी सहकारी बाळंतपणाच्या रजेवर आहे. तिचे विज्ञानाचे वर्ग मी घेते आहे, माझं क्रेडेन्शियल सामाजिक शास्त्राचं. यालाही परमिट लागतं का?

नेहमीच्या क्रेडेन्शियलवर बदली शिक्षक म्हणून एका शिक्षकाच्या जागी शैक्षणिक वर्षात 30 दिवस काम करता येतं, स्पेशल एज्युकेशनमध्ये 20. ही मूळ मर्यादा. विधिमंडळ ती अधूनमधून ठराविक मुदतीपुरती वाढवतं, म्हणून यंदा किती आहे ते काऊंटी ऑफिसला विचारा. दिवस तुम्हीही मोजत राहा. शाळेच्या ऑफिसात ही मोजणी चुकली, तर चुकीच्या नेमणुकीची नोंद तुमच्या नावावर दिसते.

प्रश्न: वर्ष संपताना कळलं की माझी ‘मिसअसाइनमेंट’ (चुकीची नेमणूक) म्हणून नोंद झाली आहे. माझ्याकडे परमिट आहे. मग हे कसं?

कॅलसास नावाच्या प्रणालीत ही तपासणी दरवर्षी होते. शाळेने कॅलपॅड्समध्ये (राज्याच्या शालेय माहितीच्या नोंदप्रणालीत) भरलेले कोर्स कोड आणि कमिशनकडची क्रेडेन्शियलं ती एकमेकांशी पडताळते. ‘इंटिग्रेटेड मॅथ’च्या जागी वरच्या पातळीच्या गणिताचा कोड पडला की परमिट असूनही जुळत नाही. 44263 वगैरे कलमांखालच्या नेमणुका कमिशनच्या नोंदीत नसतातच, त्या डिस्ट्रिक्टला कागद दाखवून सिद्ध कराव्या लागतात. ठरावाची आणि संमतीची प्रत स्वतःजवळ असेल तर हे काम सोपं होतं.

नेमणूक खरंच बेकायदा वाटत असेल, तर स्थानिक पातळीवरचे उपाय संपल्यावर लेखी कळवा. कलम 44258.9 प्रमाणे डिस्ट्रिक्टने कामाच्या 15 दिवसांत ती कायदेशीर आहे की नाही हे सांगायचं असतं. अशी तक्रार केली म्हणून शिक्षकावर कारवाई करता येत नाही.

प्रश्न: चार्टर शाळेत (सरकारी पैशावर, पण स्वतंत्रपणे चालणाऱ्या) हे नियम लागू नाहीत, असं ऐकलं. खरं का?

एकेकाळी मुख्य विषय सोडून इतर विषयांना बरीच मोकळीक होती. 2019 च्या कायद्याने ती गेली. आता चार्टरमध्येही वर्गाला साजेसं क्रेडेन्शियल किंवा परमिट लागतं, आणि 2019-20 मध्ये नोकरीत असलेल्यांना दिलेली सवलतीची मुदत 1 जुलै 2025 ला संपली. खासगी शाळांना मात्र राज्याचं क्रेडेन्शियल बंधनकारक नाही.