छोटे क्युबन सिगार तोलताना

किमतीआधी आतलं पान बघा. पार्तागास शॉर्ट आणि रामोन आयोनेस स्मॉल क्लब कोरोना दोन्ही 110 मिमी लांब, 42 गेजचे (गेज म्हणजे जाडीचं माप), आत अखंड लांब पान. ही तुलना रास्त. होसे एल. पिएद्रा, किंतेरो या ब्रँडचे सिगारही हातानेच वळलेले, पण आत पानांचे तुकडे. लवकर तापतात, जिभेवर चुरा येतो. स्वस्त आहेत, तेवढंच मागा त्यांच्याकडे.

आधी महिनाभर सगळे 65% आर्द्रतेत ठेवा. ओलसर सिगार नीट जळत नाही, कडवट लागतो आणि खापर फुटतं पानावर. पेटवण्याआधी बोटांनी हलकेच चाचपा. मध्ये गाठ लागली तर झुरका अडणार. मिनिटाला एकच झुरका, बारीक सिगारला घाई सोसत नाही. तुलनेतल्या पेट्यांच्या तळाचा महिना-वर्षाचा शिक्का एकमेकांशी जुळतोय ना तेही बघा, आणि एका नगावरून निकाल नको. प्रत्येकी तीन तरी, वेगवेगळ्या दिवशी.