फॅरोच्या हातात लॅपटॉप देऊ नकोस

प्राचीन इजिप्तमध्ये संगणकाचे विनोद पेरणारी तुझी कथा वाचली. फॅरो, म्हणजे तिथला राजा, लॅपटॉप उघडतो तिथे हसलो, पण दुसऱ्या पानावर तोच विनोद शिळा झाला होता. अरे, खरा माल पपायरसातच, म्हणजे त्यांच्या लव्हाळ्याच्या कागदावरच्या लिखाणातच आहे! इ.स.पू. १५५० च्या सुमारास अहमोस नावाच्या लेखनिकाने नकलून काढलेला ऱ्हिंड पपायरस घे, त्यात गणितंच गणितं आहेत. १३ गुणिले २४ कसे करायचे? एकीकडे १, २, ४, ८ आणि समोर २४, ४८, ९६, १९२ असं दुप्पट करत जायचं; १३ म्हणजे १+४+८, म्हणून त्यांच्यासमोर खुणा करायच्या, खुणेच्या ओळींची बेरीज ३१२. म्हणजे चक्क बायनरी, संगणकाची दोनाच्या पटीतली अंकपद्धती! पण अहमोसला हा शब्द उच्चारू देऊ नकोस, नुसतं 'दुप्पट कर, खूण कर' म्हणत कुरकुरू दे.

७९ वं गणित तर सोनंच आहे. ७ घरं, ४९ मांजरं, ३४३ उंदीर, पुढे गहू नि धान्याची मापं, आणि सगळ्याची मिळून बेरीज १९६०७! घरं, मांजरं नि उंदीर एकाच बेरजेत कसे, म्हणून डेटा टाइपवरून (माहितीच्या प्रकारावरून) डोकं फिरलेला एखादा खडूस हिशेबनीस इथे बसव.

गणितज्ञ ॲलन ट्युरिंगचा १९३६ चा थांबण्याचा प्रश्न हवाय, म्हणजे कुठलाही प्रोग्रॅम कधी थांबेल की नाही हे आधीच सांगणारी सरसकट रीत नाही, तो? मजुराने विचारावं, "काम संपणार कधी?" मुकादम गप्प. बस्स, समजावू नकोस. फक्त हा मजूर पिरॅमिडवर राबत असेल, तर गिझाचे पिरॅमिड अहमोसच्या सुमारे हजार वर्षं आधीचे, तेवढं सांभाळ.