हवामान बदलावरचं कुठलं संशोधन विश्वासार्ह, हे कसं ओळखायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापुरात भूगोलात एम.ए. करताय, प्रकल्प 'हवामान बदल आणि पंचगंगेचे पूर' यावर आहे. एका लेखात अतिवृष्टी तिप्पट झाली असं वाचलं, दुसरीकडे पश्चिम घाटात पाऊस कमी होतोय असं. मग विश्वास कुणावर ठेवायचा?

आपापल्या जागी दोन्ही विधानं बरोबर आहेत. गंमत म्हणजे दोन्हींचं माहेर एकच, पुण्यातली भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था. 'तिप्पट' हा आकडा रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांच्या २०१७ च्या शोधनिबंधातला. तो 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये आला होता. मोठ्या भूभागावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना त्यात मोजल्यात, त्याही १९५० ते २०१५ या काळातल्या आणि मध्य भारतातल्या. कोल्हापूर त्या चौकटीत येतच नाही. 'कमी' हे विधान केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालातलं. १९५१ ते २०१५ या काळात देशाचा जून ते सप्टेंबरचा एकूण पाऊस साधारण ६ टक्क्यांनी घटला, आणि ही घट गंगेचं मैदान व पश्चिम घाटात ठळक दिसते, असं तो सांगतो. एकाने घटना मोजल्या, दुसऱ्याने बेरीज. बातमी होताना प्रदेश गळतो, काळ गळतो, आकडा तेवढा उरतो.

म्हणून स्रोत भरवशाचा आहे का, हा प्रश्न मला अपुरा वाटतो. एकेक विधान धरा आणि ते पहिल्यांदा कुणी, कुठे, कशावरून म्हटलं तिथपर्यंत मागे जा. जुलैत व्हॉट्सॲपवर 'पाणी पन्नास फुटांवर' असा निरोप आला की कोल्हापूरकर आधी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारतो, किती वाजता घेतलेली तेही विचारतो. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका हे इथे शाळकरी पोरालाही पाठ असतं. शोधनिबंध वाचतानाही एवढंच करायचंय.

हे मागे जाणं नामांकित संस्थेच्या बाबतीतही सोडू नका. आयपीसीसी म्हणजे हवामान बदलावरचं संयुक्त राष्ट्रांचं मंडळ. त्याच्या २००७ च्या अहवालात, दुसऱ्या कार्यगटाच्या भागात, हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होण्याची दाट शक्यता आहे असं एक वाक्य होतं. त्याचा आधार होता डब्ल्यूडब्ल्यूएफ या निसर्गसंवर्धन संस्थेचा एक अहवाल. तो अहवाल टेकला होता १९९९ मधल्या एका विज्ञान साप्ताहिकातल्या बातमीवर, आणि त्या बातमीमागे होतं एका शास्त्रज्ञाचं बोलणं. मोजमाप कुठेच नव्हतं. जानेवारी २०१० मध्ये आयपीसीसीने ही चूक जाहीरपणे कबूल केली. आता काही जण हे एक वाक्य दाखवून सगळा अहवाल मोडीत काढतात, तर काही जण असं काही झालंच नाही अशा थाटात वावरतात. मला दोघांचाही कंटाळा येतो. हिमनद्या वितळताहेत हे मोजलेलं आहे, फसलं ते साल.

आयपीसीसी स्वतः संशोधन करत नाही, झालेल्या संशोधनाचा आढावा घेते, हे बऱ्याच विद्यार्थ्यांना माहीत नसतं. २०२१ च्या पहिल्या कार्यगटाच्या अहवालात १४ हजारांहून जास्त शोधनिबंधांचे संदर्भ आहेत. मसुद्यावर ७८ हजारांवर हरकती-सूचना आल्या होत्या, आणि त्या उत्तरांसकट खुल्या आहेत. तुम्ही मात्र 'आयपीसीसी म्हणते' एवढ्यावर थांबू नका. त्या परिच्छेदाखाली दिलेला मूळ निबंध काढून वाचा.

आता आपल्याकडचं खरं दुखणं. 'आंतरराष्ट्रीय' असं नाव लावलेली, पैसे भरले की आठवड्यात निबंध छापणारी नियतकालिकं. पदोन्नतीला आणि पीएच.डी.ला निबंध मोजायची पद्धत पडली, त्यावर ही दुकानं वाढली. आयएसएसएन हा नियतकालिकाचा फक्त नोंदणी क्रमांक आहे, दर्जाशी त्याचा काडीचा संबंध नाही. 'यूजीसीमान्य' या शिक्क्यावरही जाऊ नका, यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, मान्य नियतकालिकांची आपली केअर यादी २०२५ मध्ये बंदच केली. असा निबंध हातात आला तर निष्कर्ष नंतर वाचा, पद्धत आधी. पावसाची आकडेवारी कुठल्या केंद्राची, किती वर्षांची, मधली गळालेली वर्षं कशी भरली? २०१९ आणि २०२१ चे पूर दाखवून 'हवामान बदल सिद्ध' म्हणणारा निबंध बाजूला ठेवा. हवामानाची सरासरी धरायला निदान तीस वर्षं लागतात.

पैसा कुणाचा, हे जरूर बघा, पण तेवढ्यावर निकाल देऊ नका. अमेरिकेतले भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड म्युलर यांना तापमानवाढीच्या नोंदींबद्दल शंका होती. त्यांच्या 'बर्कली अर्थ' प्रकल्पाला तेल उद्योगातल्या कोक कुटुंबाशी निगडित प्रतिष्ठानाचेही पैसे होते. नोंदी नव्याने तपासल्यावर तापमानवाढ खरी निघाली, आणि २०१२ मध्ये म्युलर यांनी ती मुख्यतः माणसामुळेच होत असल्याचं लिहिलं. आकडेवारी आणि पद्धत खुली होती, म्हणून देणगीदार कोण याने फरक पडला नाही.

कोल्हापूरपुरतं एक खास सांगतो. '२०५० पर्यंत जिल्ह्यात पाऊस इतके टक्के वाढणार' असं वाक्य दिसलं की ते कुठल्या मॉडेलचं, म्हणजे हवामानाचा अंदाज मांडणाऱ्या कुठल्या संगणकीय प्रारूपाचं, हे शोधा. जागतिक मॉडेल पृथ्वीचे चौकोन पाडून हिशेब करतं, आणि त्यातला एक चौकोन बहुधा शंभरेक किलोमीटरचा किंवा त्याहून मोठा असतो. गगनबावड्याचा धो धो पाऊस आणि शिरोळची कोरडी शिवारं त्या एकाच चौकोनात जाऊ शकतात. दोन्हींची मिळून काढलेली सरासरी ना गगनबावड्याला लागू, ना शिरोळला.

आणि प्रकल्पात 'पूर हवामान बदलामुळे' असं एका दमात लिहू नका, त्यात चार-पाच वेगळी विधानं दडलीत. किती पाऊस पडला, हे हवामान खातं सांगेल. धरणांतून किती पाणी कधी सोडलं, हे जलसंपदा विभाग. पूररेषेच्या आत बांधकामं किती वाढली, हे जुनी-नवी उपग्रह चित्रं. कर्नाटकातल्या कृष्णेवरच्या अलमट्टी धरणामुळे पाणी मागे तुंबतं का, या फुगवट्याच्या वादावर तर प्रत्येकाचा स्वतंत्र अहवाल आहे. २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीने अलमट्टीला थेट दोषी धरलं नव्हतं, पण तिचा निष्कर्ष पटो न पटो, आतले पावसाचे आणि विसर्गाचे तक्ते तुमच्या कामाचे आहेत. कुठलाही सरकारी अहवाल वाचताना समितीला नेमकं काय विचारलं होतं, ते पहिल्या पानांत शोधा. त्या पावसात हवामान बदलाचा वाटा किती, हे मात्र यांपैकी कुणीच सांगत नाही. त्याला वेगळा अभ्यास लागतो, आणि तुमच्या प्रकल्पाचा तो आवाका नाही. तसं स्पष्ट लिहिलंत तर परीक्षक गुण कापणार नाहीत.

मूळ निबंध पैशांच्या भिंतीआड असेल तर शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन विचारा, विकत घेऊ नका. आणि पावसाची दैनंदिन आकडेवारी पुण्याच्या हवामान खात्याच्या संकेतस्थळावर १९०१ पासूनची, अक्षांश-रेखांशाच्या पाव अंशाच्या चौकोनांत, मोफत मिळते. त्यातला गगनबावड्याचा आणि कोल्हापूर शहराचा चौकोन वेगवेगळा काढून स्वतः आलेख मांडा. मग कुणाचं विधान त्याच्याशी जुळतं ते बघा.