टेकलं म्हणजे उतरलं नव्हे

प्रिय पोरी,

उतरतानाच्या अपघाताबद्दलचा तुझा मेसेज तीनदा वाचला. "सर, विमान नीट टेकलं होतं, मग काय झालं कळलंच नाही," हे वाक्य त्यात दोनदा आलं आहे. आधी खांद्याची काळजी घे. पट्ट्याचा काळानिळा वळ काही दिवस राहील. त्याच पट्ट्याने तुला वाचवलं.

आता त्या वाक्याबद्दल. चाकं लागली तेव्हा तुझ्या मनात उड्डाण संपलं होतं. हात सैल पडले, योक, म्हणजे विमानाचं हातातलं चाक, मधोमध आला. वाऱ्याचं काम मात्र तेव्हा कुठे सुरू झालं होतं.

हे इतकं ठामपणे लिहितो, कारण माझंही हेच झालं आहे. उजवीकडचा वारा होता. मुख्य चाकं अलगद टेकली, मी सुस्कारा सोडला आणि त्याबरोबर एलेरॉनही, म्हणजे योकने हलणाऱ्या, विमानाला डावं-उजवं कलवणाऱ्या पंखांवरच्या झडपाही, सोडलं. उजवा पंख असा वर गेला, जणू कुणी खालून खांदा लावला. डाव्या पंखाचं टोक डांबराला घासलं, नाक उजवीकडे फिरलं, विमान धावपट्टी सोडून गवतात गेलं आणि प्रोपेलर मातीत रुतला. इंजिन थांबलं. त्या शांततेत पॅनेलमागचे जायरो, म्हणजे विमानाचा कल दाखवणाऱ्या उपकरणांतली भिंगरीसारखी चाकं, बराच वेळ गुणगुणत फिरत राहिले. तो आवाज आजही कानात आहे. इंधन आणि मास्टर, म्हणजे विजेचा मुख्य स्विच, बंद करायला माझा हात किती वेळाने उठला, देव जाणे. तू मात्र दार उघडण्याआधी दोन्ही बंद केलंस, ते मी विसरणार नाही.

तुझा हिशेब बघू. धावपट्टी 27, म्हणजे दिशा 270 अंश; टॉवरने वारा दिला 220 अंशांवरून 16 नॉट, झोत 24. कोन 50 अंशांचा, म्हणजे वाऱ्याचा सुमारे पाऊण जोर आडवा. 16 चे 12 झाले आणि तू तिथेच थांबलीस. 24 चे 18 होतात. आपल्या विमानाच्या, सेसना 172 एसच्या, पुस्तकात 15 नॉट आडव्या वाऱ्यात उतरून दाखवल्याची नोंद आहे. ती मर्यादा नव्हे हे खरं, पण तो चाचणी-वैमानिकाच्या हातचा आकडा आहे, आणि तुझे उड्डाणाचे तास साठ. झोत सांगितला की हिशेब झोताचाच मांडायचा.

त्यात दुपारचे दोन. आपल्या पठारावर मे महिन्यात सकाळी विंडसॉक, म्हणजे वारा दाखवणारी कापडी नळी, ओल्या सदऱ्यासारखा लोंबत असतो. जमीन तापली की खालची हवा वर उठते आणि वरचा वेगवान वारा खाली येतो; झोत तिथून येतात. तुझी सगळी सोलो सर्किटं, म्हणजे एकटीने धावपट्टीभोवती मारलेल्या फेऱ्या, सकाळी सातची. ही चूक तुला शिकवणाऱ्याची, म्हणजे माझी.

टेकल्यावर वेग उतरत जातो, तशी एलेरॉनची पकडही सुटत जाते. म्हणून ते वाऱ्याच्या बाजूला आणखी, आणखी वळवत न्यायचं. टॅक्सीच्या, म्हणजे जमिनीवर सावकाश चालण्याच्या, वेगाला येईपर्यंत योक पार टोकाला गेलेला हवा. शेपटीची उभी फिन वारा धरते आणि नाक वाऱ्याकडे ओढते, ते पायांनी रडरवर, म्हणजे शेपटीच्या सुकाणूवर, धरायचं. हात एकीकडे, पाय दुसरीकडे. विचार करत बसलं तर हे जमत नाही, अंगात मुरावं लागतं.

फ्लेअरमध्येच, म्हणजे टेकण्याआधी नाक उचलतानाच, विमान सेंटरलाइनवरून सरकत होतं, हे तूच लिहिलं आहेस. तिथेच पूर्ण पॉवर देऊन गो-अराउंड करायचं होतं, म्हणजे न उतरता पुन्हा वर जायचं होतं. एप्रनवर, विमानं उभी करतात तिथे, सगळी बॅच उभी होती, म्हणून नाही केलंस का? रागावून नाही विचारत.

चौकशीत सगळं जसंच्या तसं सांग. "अचानक झोत आला" एवढ्यावर थांबू नकोस, योक सोडल्याचंही लिही. आंतरराष्ट्रीय विमान वाहतुकीच्या शिकागो कराराच्या अनुबंध 13 मध्ये स्पष्ट म्हटलं आहे की तपास पुढचे अपघात टाळण्यासाठी असतो, दोष ठरवण्यासाठी नाही. मी माझ्या वेळी योकची गोष्ट लपवली. अहवालात नुसता वारा आला, आणि माझ्या मागून आलेल्या पोरांना त्यातून काहीच शिकता आलं नाही.

डॉक्टरांनी परवानगी दिली की कळव. दोन दिवस सकाळी उडू, तिसऱ्या दिवशी दुपारी. मी उजव्या सीटवर असेन. टेकल्यावर एक शब्द बोलणार नाही. टॅक्सीवेला वळेपर्यंत तुझा योक कुठे आहे, तेवढंच बघेन.

तुझे सर