सुताराच्या दुकानातली रायफल आणि मालकाची चिठ्ठी

प्रश्न : मी सुतारकाम करतो. एका परवानाधारक नेमबाजाने आपल्या रायफलीसाठी अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता हाताने घडवून मागितला आहे. मापासाठी रायफल माझ्याकडे ठेवून आणि ‘दुरुस्तीसाठी दिली आहे’ अशी सही केलेली चिठ्ठी देऊन तो गेला. दुकान मी आणि माझा भाऊ मिळून चालवतो. ही चिठ्ठी पुरेशी आहे का?

उत्तर : नाही, आणि ती रायफल आणखी एक रात्रही तुमच्या दुकानात राहू नये, हे सर्वांत आधी सांगतो.

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ३ मधील परंतुकानुसार, म्हणजे त्या कलमाला जोडलेल्या अपवादानुसार, परवानाधारकाच्या समक्ष किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर, स्वतःचा परवाना नसलेली व्यक्तीही दुरुस्तीसाठी बंदूक नेऊ शकते. तुमच्या ग्राहकाची भिस्त याच तरतुदीवर दिसते. मात्र ही सवलत बंदूक नेण्यापुरती आहे. ती दुरुस्त करणे किंवा दुरुस्तीसाठी ताब्यात ठेवणे यांना कलम ५ खाली स्वतंत्र परवाना लागतो आणि तो ग्राहकाच्या सहीने मिळत नाही. २०१९ च्या सुधारणेनंतर कलम ५ च्या भंगाला किमान ७ वर्षे कारावास, कमाल जन्मठेप आणि शिवाय दंड आहे.

‘मी तर फक्त लाकूड तासतो’ असे तुम्ही म्हणाल आणि ते खरेही आहे. पण दस्त्याची खोबण, म्हणजे रायफलीचा धातूचा भाग बसतो ती पोकळी, नुसत्या मापावर जमत नाही. धातूच्या भागाला काजळी लावून तो लाकडात दाबायचा, जिथे काळा डाग उमटेल तेवढेच पटाशीने खरवडायचे, पुन्हा दाबून पाहायचे, हे अनेकदा करावे लागते, म्हणजेच उघडलेली रायफल दिवसच्या दिवस तुमच्या हाताशी असते. शिवाय कलम २ मधील ‘शस्त्रे’ आणि ‘बंदुका’ या दोन्ही व्याख्यांत त्यांचे भागही येतात. सुटा लाकडी दस्ता हा असा ‘भाग’ ठरत नाही, असा युक्तिवाद करता येईल. पण तो आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहून करण्याची वेळ तुमच्यावर येऊ नये, असे मला कळकळीने वाटते.

भावालाही आजच सावध करा. कलम ३५ नुसार, अनेकांच्या संयुक्त ताब्यातील जागेत गुन्ह्याशी संबंधित शस्त्र सापडले आणि ते तिथे असल्याची त्यांना जाणीव होती असे मानण्यास कारण असले, तर उलट सिद्ध होईपर्यंत प्रत्येक जण जबाबदार धरला जातो.

मालकाला ताबडतोब बोलावून, त्याचा परवाना पाहून, रायफल त्याच्याच हाती द्या आणि तारीख-वेळेसह पोच घ्या. ती पोचवायला स्वतः निघू नका. चिठ्ठीत परत नेण्याचा उल्लेख नाही. तो येऊ शकत नसेल तर वकिलाला सोबत घेऊन जवळच्या पोलीस ठाण्यात ती जमा करा. बेकायदा ठरलेला ताबा विनाविलंब सोडण्यासाठी कलम २१ मध्ये हीच वाट आहे. मालकाचाही स्वतःचा परवाना यात पणाला लागतो, हे त्याला स्पष्ट सांगा.

दस्त्याचे काम मात्र सोडू नका. परवाना देणाऱ्या प्राधिकरणाकडून, म्हणजे जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त कार्यालयाकडून, लेखी खुलासा घ्या. तो अनुकूल आला, तर जुन्या दस्त्यावरून बाहेरचा घाट दुकानात घडवा, खोबण मुद्दाम अपुरी ठेवा, आणि शेवटची जुळणी दुरुस्तीचा परवाना असलेल्या बंदूक कारागिराच्या जागेत, त्याच्याच नोंदवहीत काम नोंदवून होऊ द्या. धातू तो हाताळील, पटाशी तुम्ही चालवाल.