तरुणांना मानसिक आधार देणारा सोशल रोबो बनवायचाय, सुरुवात कुठून करू?

चेहऱ्यापासून नको, ऐकण्यापासून करा. गप्पांमध्ये एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला साधारण 0.2 सेकंद लागतात. पण मन जड असलेला माणूस वाक्याच्या मध्येच तीन-तीन सेकंदही गप्प बसू शकतो. बऱ्याच व्हॉइस सिस्टिम सेकंदभरातच 'बोलणं संपलं' असं धरून मध्ये तोंड घालतात, आणि विश्वास तिथेच जातो. ही वाट पाहण्याची मर्यादा 3-4 सेकंदांवर न्या. तोवर रोबोने नुसती मान हलवावी. मानेची सर्वो मोटर (मान हव्या त्या कोनात वळवणारी छोटी मोटर) माइकपासून लांब, रबरी वॉशरवर बसवा, नाहीतर तिची घरघरच माइकमध्ये शिरते.

रोबोचं ऐकणं बंद करायला माइकची वीजच तोडणारा खरा स्विच हवा. ॲपमधल्या बटणावर कुणी विसंबत नाही, आणि बरोबरच आहे ते.

आत्महत्येचा विषय निघाला की भाषा-मॉडेल, म्हणजे रोबोची उत्तरं स्वतः रचणारं AI, बाजूला. तज्ज्ञांनी आधीच लिहून दिलेला मजकूर आणि त्या देशाची हेल्पलाइन पुढे. फक्त शब्द पकडून भागत नाही: 'हसून हसून मेलो' यात धोका नसतो, 'आता कुणाला माझा त्रास नाही होणार' यात असू शकतो.

चाचणी किमान दोन महिने घ्या. नव्याचे नऊ दिवस सरल्यावर किती जण आपणहून बोलायला येतात, ते मोजा.